पळण्याची मासिकं आणि सुमनवहिनी

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणंही चांगली मिळत गेली. नोकरी होती तोवर वेळ नव्हता, निवृत्त झालो तर डोळ्यांचं ऑपरेशन निघालं, मग हिचं आजारपण आलं. खरं कारण यातलं एकही नाही. ज्या गोष्टीसाठी लोक माझं कौतुक करतात तीच मला सांगायची आहे, आणि सांगून झाल्यावर त्या कौतुकातलं फारसं काही उरणार नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात थंडी पडली. दिवाळीनंतर काही दिवस ती नुसती हुलकावणी देते. पंखा लावायचा की बंद ठेवायचा यावर घरात वाद होतात. मग एका सकाळी नळाखाली हात धरला की बोटं आखडतात, आणि त्याच दिवशी गोधड्या, कानटोप्या, गेल्या वर्षीचा डांबरगोळीचा वास घेऊन स्वेटर असं सगळं एकदम बाहेर येतं. दूधवाला मफलरमधून बोलायला लागतो. स्टेशनकडे निघालेल्या रिक्षांच्या काचा आतून धुरकट दिसतात. द्राक्षबागांकडून वारा आला तर शेकोट्यांचा धूर येतो आणि घसा खवखवतो, पण मला तो वास आवडतो. आणि उजाडायच्या आत आमच्या नाशिक रोडच्या जेल रोडवर भडक रंगांचे शर्ट घातलेली माणसं पळायला लागतात. जानेवारीतल्या शर्यतीची तयारी.

आमची सूनबाई त्यांच्यातलीच. रोज मला जाग येते ती तिच्या बुटांच्या आवाजाने. परवा जाग आली तर ती ओट्याशी निवांत उभी राहून चहा पीत होती.

"आज गेली नाहीस? बरं नाही का?"

"बरंय की, बाबा. आज रेस्ट डे आहे."

"म्हणजे काय करायचं असतं?"

"काहीच नाही! रविवारी लांब पळाले ना, म्हणून आज काही करायचं नाही. हे घड्याळच ओरडतं नाहीतर." तिने मनगट माझ्यापुढे धरलं. काचेवर काहीतरी हिरवं लुकलुकत होतं. "तुम्हाला मी काय सांगणार म्हणा. तुम्ही तर आमचे गुरू."

मी बरं म्हणालो आणि पेपर उघडून वाचल्यासारखं केलं.

गुरू. आमच्या भागातल्या पळणाऱ्यांच्या मंडळाने मला शाल आणि नारळ देऊन काही वर्षं झाली. या परिसरात लोकांना पळायला मी लावलं, असं तिथे माइकवरून सांगितलं गेलं. आता त्यांच्या स्मरणिकेसाठी त्यांना माझ्याकडून जुन्या आठवणी हव्या आहेत. तेव्हा आधी एवढं नोंदवून ठेवतो, की मी आयुष्यात कधी पळालेलो नाही. बस सुटत असली तरी नाही. सुटली तर दुसरी येते. मी फक्त पळण्याविषयी वाचलं. पळाल्या त्या सुमनवहिनी.

दत्ता माझ्याच कचेरीत होता आणि कॉलनीत आमच्या समोरच्या घरात राहायचा. त्याची बायको म्हणून त्या सुमनवहिनी, आणि त्याचा दोस्त म्हणून मी त्यांचा भाऊजी. माहेर सायखेड्याचं, गोदावरीच्या काठचं. दोन्ही मुलं शिकायला बाहेर गेलेली, चाळिशी उलटलेली, अंगाने भरलेल्या, आणि तोंडाचा पट्टा असा की दत्ता म्हणायचा, आमच्याकडे रेडिओची गरज नाही.

ती मासिकं मला रद्दीच्या दुकानात मिळाली. देवळालीतला कोणाचा तरी बंगला रिकामा झाला होता आणि तिथली खोकी दुकानदाराने दारातच उलटी केली होती. परदेशातली मासिकं, सगळी लांब पल्ल्याच्या पळण्याविषयी. मी एक सहज उघडलं आणि तिथेच पायरीवर बसून वाचत राहिलो. गुळगुळीत जाड कागद, त्याला औषधाच्या बाटलीसारखा वास. पानगळीने लाल झालेले रस्ते, धुक्यातले डोंगर, आणि त्यांतून एकटंच पळणारं माणूस. मला वाटलं होतं, आत पदकं आणि विक्रम असतील. ते होतंच, पण थोडं. जास्त होती ती साधी माणसं. दिवसभर पत्रं वाटून संध्याकाळी पुन्हा पळायला जाणारा पोस्टमन. रात्रपाळी संपली की घरी जाण्याआधी नदीकाठाने पळणारी परिचारिका. बायको गेल्यावर घरात बसवेना म्हणून पळायला लागलेला म्हातारा. प्रत्येकाने आपलं लिहिलेलं, आणि कुठे बढाई नाही. कुठे अडखळलो, कुठे लाज वाटली, कुठे सोडून द्यावंसं वाटलं, हेच जास्त. मला ते लिखाण फार आवडलं. आजही आवडतं. इतकं सरळ आपल्याबद्दल लिहिता यावं असं तेव्हाही वाटायचं. मला ते जमायला बघा किती वर्षं लागली.

सगळी खोकी मी रिक्षात घालून घरी आणली. ही म्हणाली, "आधीच घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि आणलंत काय, तर पळायचं!"

एके दुपारी वहिनी विरजण मागायला आल्या. ही आत दही काढत होती आणि त्या टेबलावरचं मासिक बघत उभ्या होत्या.

"भाऊजी, ही बाई एवढ्या घाईनं निघालीय कुठं?"

"कुठेच नाही. पळतेय."

"कोण लागलंय मागं?"

"कोणी नाही हो. आवड म्हणून."

त्यांनी मासिक उचलून उजेडात धरलं. "केस बघा की तिचे. आमच्या आईएवढे पिकलेत. आणि गुडघ्याला चिखल. पडली असणार. पडली, उठली आणि परत पळतेय. वर हसतेय!" मग, "हिच्या घरचे काय म्हणत असतील?"

विरजणाच्या वाटीखाली धरून त्या ते मासिक घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन परत आली, मासिक आलं नाही. "हिनं सुरुवात कशी केली, ते दिलंय का यात? वाचून सांगा ना."

मी वाचून सांगितलं. त्या बाई पहिल्या दिवशी घराच्या दारापासून टपालपेटीपर्यंत पळाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तेवढंच. मग हळूहळू पुढच्या वळणापर्यंत.

"म्हणजे आपल्याकडं दुधाच्या केंद्रापर्यंत," वहिनी म्हणाल्या.

आणि त्या खरंच गेल्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, पायात धाकट्या मुलाचे जुने बूट आणि हातात दुधाची पिशवी. दूध तर घरी रतीबाने यायचं. "भाऊजी, हातात पिशवी असली की बाई कितीही जोरात पळू द्या, कोणी विचारत नाही. दूध संपत आलं असेल म्हणतात."

पाऊस ओसरला, नवरात्र झालं, आणि पिशवी सुटली. तोवर कॉलनीला सवय झाली होती. पोरं गॅलरीतून "काकू, भागो!" म्हणून ओरडायची आणि काकू न थांबता ओरडायच्या, "तू खाली ये, मग बघते!" जानेवारीत मुंबईला बेचाळीस किलोमीटरची शर्यत असते, हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. आठवड्याने दत्ताच्या देखत म्हणाल्या, "मला ती पळायचीय."

दत्ता हसला. "तुला स्टेशनापर्यंत सोडायला रिक्षा लागते."

"पूर्वी लागायची."

मग मी आखणीचं काम अंगावर घेतलं. इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. कचेरीत माझं काम गोषवाऱ्याचं. वरून इंग्रजी परिपत्रकं यायची, पानंच्या पानं, आणि साहेबांना त्याचं सार मराठीत अर्ध्या पानात हवं असायचं. मी त्यात पटाईत होतो. गाळायचा मजकूर पेन्सिलीच्या कंसात टाकायचा, उरलेला उतरवायचा. प्रस्तावना कंसात. सदिच्छा कंसात. "तथापि"ने सुरू होणारी वाक्यं बहुतेक सगळी कंसात. काय करायचं तेवढं राहिलं पाहिजे, बाकी पाल्हाळ. साहेब म्हणायचे, तुमच्या हाताखालून गेलेला कागद कसा हाडं-हाडं दिसतो. मला त्याचा अभिमान होता.

मासिकांतले सल्लेही मी असेच उतरवत गेलो, कचेरीतल्या पाठकोऱ्या कागदांवर. वहिनी ते कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायच्या. मसाल्याच्या डब्यांसमोर माझं अक्षर, आणि त्याच्या वर ती पिकल्या केसांची, चिखलाच्या गुडघ्याची बाई.

त्यांच्याइतकं मन लावून वाचणारं माणूस मी पाहिलं नाही. दहावीपर्यंत शिकलेल्या, पण एकेक ओळ करून बघायच्या. बोलता येईल इतक्याच वेगाने पळावं, असा एक सल्ला होता. दुसऱ्या दिवशीपासून त्या बोलत पळायला लागल्या. एकट्याच. काय बोलता, असं विचारलं तर म्हणाल्या, "सासूबाईंशी भांडते. त्या होत्या तेव्हा राहून गेलेलं सगळं. दसकच्या पुलापर्यंत मी बोलते, येताना त्यांची बाजू. परवा त्यांचंच बरोबर निघालं, काय करता!" दम लागत असेल तर थोडं चालावं, त्यात कमीपणा नाही, हेही लिहिलं होतं. त्यांना ते फार पटलं. "आपल्याकडं कोणी असं सांगत नाही, भाऊजी. एकतर पळ, नाहीतर घरी बस." पायाच्या बोटांना व्हॅसलीन लावा, शर्यतीच्या दिवशी नवीन काही खाऊ नका, नवे बूट घ्या पण शर्यतीच्या बरेच आधी घ्या. बूट दत्ताने आणले, न सांगता. मग आठवडाभर त्याला गाजराचा हलवा मिळत होता.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात आणि त्यांच्या घरात दुसरा विषय नव्हता. सकाळी ती थंडी, झाडांखालचा अंधार, बंबातल्या लाकडांचा वास. कांद्याचा ट्रक गेला की रस्ताभर त्याचा उग्र दरवळ. मी गॅलरीत शाल गुंडाळून उभा राहायचो. धुक्यातून आधी बडबड ऐकू यायची, मग वहिनी दिसायच्या. नाक लाल, कपाळावर केस चिकटलेले, अंगातून वाफ निघतेय. खालूनच ओरडायच्या, "झालं भाऊजी! पुढचा कागद काढून ठेवा!" वाचण्यातच मी आयुष्य घालवलं, पण वाचलेलं असं अंगात उतरलेलं तेव्हाच पाहिलं. मासिकातली माणसं मला छान वाटत होती. पण समोर ही बाई त्यांच्यापेक्षा मोठी होत चालली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

शर्यतीआधी सगळ्यात लांबचं एक पळणं करायचं असतं. कुठे जायचं यावर चर्चा झाली. वहिनींनी मध्येच सांगून टाकलं, "सायखेड्याला. मी माहेरी पळत जाणार."

दत्ता आणि मी स्कूटरवर मागून होतो, पाण्याच्या बाटल्या, केळी आणि एक जास्तीची शाल घेऊन. उजाडलं तेव्हा नाशिक रोड मागे पडला होता. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये द्राक्षाचे मांडव, गव्हाला दव. एका वस्तीवर शेकोटीशी बसलेले म्हातारबाबा उठून रस्त्यात आले. पहाटे बाई पळतेय, मागे स्कूटरवर दोन बाप्ये. त्यांनी दत्ताला अडवलं.

"काय झालं रं? भांडान झालं का? कुठं पळून चालली ती?"

"माहेरी," दत्ता म्हणाला.

"मारलं का काय तिला?"

"अहो, बायको आहे माझी. शर्यतीची तयारी करतेय."

"माहेरी जायाची शर्यत?" बाबा काही केल्या ऐकेनात. वहिनी मागे वळल्या, जागच्या जागी पळत म्हणाल्या, "बाबा, कोणी मारलं नाय. लय आनंदात हाय मी. सोडा त्यांना, माझं पाणी त्यांच्याकडं हाय!" मग बाबांनी सोडलं, पण दत्ताकडे शेवटपर्यंत संशयाने बघत राहिले.

सायखेड्यात शिरताना ऊन चांगलं वर आलं होतं. वहिनींची आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. लेक दारात येऊन उभी राहिली, घामाने भिजलेली, लाल, बोलताही येईना. म्हातारीच्या हातातलं सूप निसटलं.

"अगं बाई! काय झालं? कशानं आली तू?"

"पळत."

"पळत? का? येश्टीला पैसं नव्हतं?"

वहिनी हसता हसता खाली बसल्या आणि मग रडायला लागल्या. म्हातारी त्यांचे पाय मांडीवर घेऊन चेपत होती आणि म्हणत होती, "लय दमली गं माझी पोर. एवढी का आठवन आली व्हती?" मी आणि दत्ता विहिरीकडे तोंड करून उभे राहिलो. त्या अंगणात, गाईच्या शेणाच्या आणि पेरूच्या वासात, मला वाटलं की माझ्या हातून एकदा तरी काहीतरी चांगलं झालं.

मी सुरुवातीला म्हटलं ते इथून पुढे आहे.

मासिकातली आखणी साधी होती. काही आठवडे वाढवत न्यायचं, मग एक आठवडा कमी करायचं. सगळ्यात लांबच्या पळण्यानंतर तर बरेच दिवस जवळजवळ काहीच नाही. झोपा, चाला, पाय वर करून बसा. त्यावर लेखकाने सविस्तर लिहिलं होतं. पळताना शरीर झिजतं, बळ येतं ते थांबल्यावर, म्हणून थांबणं हाही आखणीचाच भाग. मी ते वाचलं होतं. आणि कंसात टाकलं होतं.

मुद्दाम नाही केलं. पण नकळत केलं असंही म्हणता येत नाही. मला वाटलं, हे परदेशातले लाड आहेत. तिकडच्या लोकांना थांबायला निमित्त लागतं. आपल्या बायका वर्षभर राबतात, त्यांना कोण सुट्टी देतं? शिवाय विश्रांती हे काय सांगायचं काम आहे! करायचं तेवढं लिहिलं, न करायचं गाळलं. गोषवारा असाच असतो. तेव्हा वहिनींच्या कपाटावर जी आखणी लागली होती तिच्यात एकही रिकामा दिवस नव्हता. आणि वहिनी कागदावरची एकही ओळ सोडणाऱ्या नव्हत्या.

सायखेड्याहून आल्यावर दुसऱ्याच सकाळी त्या पळत होत्या. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. बडबड ऐकू यायची ती कमी झाली. एका दुपारी जिना चढताना कठड्याला धरून चढल्या.

"भाऊजी, नडगीत एका जागी दुखतंय. बोट ठेवलं की कळ येते. त्या मासिकात दुखण्याबद्दल काय म्हणतात?"

"बघून सांगतो," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी अंक काढला. हाडावर एकाच जागी दुखत असेल तर ताबडतोब थांबा, असं तिथे स्पष्ट होतं. त्याच्या वरच्या परिच्छेदांत ती सगळी विश्रांती. आणि भोवती माझे पेन्सिलीचे कंस, सुबक, सारख्या उंचीचे. समोरच्या घरात वहिनी भाकरी थापत होत्या, आवाज येत होता. दहा पावलांवर घर. मी गेलो नाही.

आता सांगितलं तर बाकीच्या कागदांवरून त्यांचा विश्वास उडेल, ऐन शर्यतीच्या तोंडावर त्या खचतील, असं मी स्वतःला पटवलं. खरं म्हणजे विश्वास कागदांवरचा नव्हे, माझ्यावरचा उडाला असता. दत्ताने कचेरीत मला "प्रशिक्षक" म्हणायला सुरुवात केली होती. साहेबांनीही एकदा हटकून विचारलं होतं, काय, तुमच्या खेळाडू कशा आहेत? मला ते गोड लागत होतं.

सकाळी मी गॅलरीतून म्हणालो, "थोडं दुखायचंच, वहिनी. गरम पाण्याने शेका. पण चालू ठेवा."

"मासिकात असंच म्हटलंय?"

"हो."

एवढं एक "हो". त्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी दसकच्या पुलाजवळ त्या खाली बसल्या आणि त्यांना उठता आलं नाही. भाजीच्या टेम्पोतून त्यांना घरी आणलं. नडगीच्या हाडाला तडा गेला होता. डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसात झालेलं नाही, हाडाला उसंतच मिळालेली नाही. जानेवारीची शर्यत गेलीच, आणि पुढे हाड नीट सांधलं नाही, म्हणून लांब पळणंही कायमचं गेलं.

त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. पायाला प्लॅस्टर, खाली दोन उश्या. दत्ता चिडून येरझाऱ्या घालत होता. त्याला भीती वाटली की तो चिडतो. "या वयात कोणी सांगितलं होतं हे? किती पळायचं याला काही मर्यादा?"

"ओरडू नका हो," वहिनी म्हणाल्या. "भाऊजींनी सगळं नीट लिहून दिलं होतं. मीच आगाऊपणा केला. मागच्या मंगळवारी कागदात होतं त्याच्यापेक्षा पुलाच्या पुढं गेले थोडी. कोणाला बोलले नाही. तेच नडलं." आणि माझ्याकडे बघून, एखाद्या मुलीने मास्तरांसमोर मान खाली घालावी तसं म्हणाल्या, "चुकलं माझं, भाऊजी. तुमची एवढी मेहनत वाया घालवली."

मी चहाचा कप हातात धरून बसलो होतो. म्हणालो, "असू द्या. होतं असं."

मोठेपणाने माफ केल्यासारखं. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

एखादी खचली असती. उन्हाळ्यात प्लॅस्टर निघालं आणि वहिनी काठी घेऊन कॉलनीत चालायला लागल्या. चालता चालता एकेका दारात थांबायच्या. "काय गं, नुसती बघतेस काय? दुधाच्या केंद्रापर्यंत चल." पुढच्या थंडीत सकाळी आठ-दहा बायका दिसायला लागल्या. कोणी चालतेय, कोणी पळतेय, आणि पुढे वहिनी काठी हलवत, "बोलत पळा गं! गप्प झालीस म्हणजे जोरात चाललीस!" कपाटावरचे कागद त्यांनी सगळ्यांना वाचायला दिले. मी घाईघाईने नवे कागद लिहून दिले, विश्रांतीसह, आणि "यात थोडी सुधारणा केलीय" एवढंच म्हणालो. त्यांनी कौतुकाने वाचलं. "बघा, भाऊजी अजून अभ्यास करतात." आज जेल रोडवर जी गर्दी पळते तिची सुरुवात त्या आठ-दहा बायकांपासून आहे. सत्कार व्हायला हवा होता तो या बाईचा. कोणी विचारलं की त्या माझं नाव सांगायच्या, म्हणून शाल माझ्या अंगावर आली.

दत्ता निवृत्त झाला आणि ते दोघं सायखेड्याला राहायला गेले. मी अधूनमधून जायचो. दर वेळी निघताना ठरवायचो, आज बोलायचं. जाताना बसमध्ये वाक्यं जुळवायचो. येताना पिशवीत पेरू असायचे.

त्यांना शेवटचं भेटलो तो हिवाळाच होता. दत्ता बाजाराला गेला होता. वहिनी मला पाटाच्या कडेच्या वाटेवर घेऊन गेल्या. गावातल्या शाळेतल्या मुली तिथे सकाळी पळतात, त्यांना त्या बघायच्या होत्या. उन्हाला बसलो. पाय ओढत चालायची सवय त्यांना झाली होती, आता ते कोणाच्या लक्षातही येत नव्हतं. मुली गेल्या, त्यांच्यामागे धूळ उडाली.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या वर्षीचं एक..."

"काय मजा होती हो त्या वर्षी!" त्या खुलल्या. "आई सारखी विचारत होती, येश्टीला पैसं नव्हतं का. शेवटपर्यंत तिला पटलं नाही. भाऊजी, खरं सांगू? सगळ्या जन्मात मी तेवढे चार महिने स्वतःसाठी जगले. तुमच्यामुळं." मग नडगीवरून हात फिरवत म्हणाल्या, "शेवटी घाण केली मीच. अधाशीपणा नडला. अजून मनाला लागतं."

त्यांनी ते म्हटल्यावर तरी मी तोंड उघडायला हवं होतं. इतकी वर्षं ती बाई माझी चूक आपली समजून उराशी धरून बसली होती, आणि मी शेजारी उन्हाला बसून ऐकत होतो. मी म्हणालो, "थंडी जास्त आहे यंदा." त्या म्हणाल्या, "हो ना, चला, चहा टाकते."

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस दत्ताचा फोन आला. दोन दिवसांचा ताप, दवाखान्यात नेईपर्यंत वहिनी गेल्या. मी जाऊन आलो. अंगणात माणसं बसली होती. दत्ताने माझा हात धरला आणि म्हणाला, "तुझं नाव फार काढायची." त्याच्याजवळही मी काही बोललो नाही.

म्हणून हे इथे लिहितो आहे. स्मरणिकावाल्यांनी छापलं तर छापावं. पाटाच्या कडेला जे म्हणायचं होतं ते एवढंच होतं. वहिनी, तुम्ही पुलाच्या पुढे थोड्या गेलात, त्याने काही झालं नाही. थांबायचं कधी, ते मासिकात होतं, ते मी गाळलं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं सांगितलं. तुमच्याकडून काहीच चुकलं नव्हतं. मला माफ करा.